दहा हजार फुटांवरची पॅकार्ड

गाडी दिसण्याआधी तिचा आवाज आला. सातव्या रस्त्याच्या चढावर ती अडखळत होती, मध्येच जोर करत होती आणि पुन्हा ढेपाळत होती. मिल्का बटाटे सोलत होती, तिनं मान वर केली नाही. खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या मातियांनी मात्र केली.

"जड गाडी आहे," ते म्हणाले. गेल्या हिवाळ्यापासून त्यांचं बोलणं असंच झालं होतं. तीन शब्द बोलायचे आणि थांबून श्वास गोळा करायचा. "आठ सिलिंडर. पेट्रोल जास्त जातंय. हवा कमी पडतेय तिला."

"रुडी असेल, बाबा."

"रुडी वेळेवर यायला कधीपासून लागला?"

मिल्कानं पुढचा बटाटा उचलला. नऊ वर्षांपूर्वी, आईच्या दफनाच्या दिवशी, रुडी एक दिवस उशिरा पोचला होता. गावाजवळच्या टेनेसी घाटात त्याची जुनी गाडी बंद पडली होती. ओल्या मातीचा ढिगारा बघत तो उभा होता आणि सगळ्या कोचेवार नातेवाइकांच्या देखत, पाद्रीबाबांच्याही देखत, मातिया म्हणाले होते, "तुझ्या आईनं तीन आठवडे वाट बघितली. तुझ्या गाडीला एक रात्र निघाली नाही." रुडी त्याच संध्याकाळी कॅलिफोर्नियाला परत गेला. नंतर नाताळला कार्ड यायचं, वर्षातून दोनदा पैसे यायचे, पण तो स्वतः कधी आला नाही.

आता तो आला होता, कारण मिल्कानं डॉक्टरांची चिठ्ठी दोन्ही भावंडांना जशीच्या तशी नकलून पाठवली होती. खाणीतल्या धुळीनं म्हाताऱ्याची फुप्फुसं दगड झाली आहेत. लेडव्हिलच्या दहा हजार फुटांवर आणखी एक हिवाळा निघणार नाही. खाली न्या.

गाडी फाटकाशी उभी राहिली. निळी, वरून पांढरी, इतकी लांब की नाक यांच्या फाटकाशी आणि शेपूट शेजारच्या कुंपणाला. मागचं नळकांडं काजळीनं काळं झालं होतं. रुडी उतरला. त्याचे केस पिकले होते, पोट सुटलं होतं. नऊ वर्षांनी आलेल्या माणसानं आधी घराकडे बघावं, पण तो गाडीच्या मागे जाऊन त्या काजळीकडेच बघत राहिला.

"पॅकार्ड आहे," आत येता येता त्यानं सांगितलं, कुणी विचारण्याआधीच. "पंचावन्न सालची पॅट्रिशियन. नेवाडाच्या वाळवंटात शंभरावर काटा ठेवला होता, बाबा. ग्लासमधलं पाणी सांडलं नाही. दोनशे साठ घोड्यांचं इंजिन आहे."

"इथं वर," मातिया म्हणाले, "त्यातले ऐंशी मरतात."

बापलेकाची भेट झाली ती एवढीच. रुडीची बायको वर्ना काळा चष्मा लावून दारात उभी होती. उंचीवर आल्यामुळे तिचं डोकं ठणकत होतं. तिनं मिल्काकडे ॲस्पिरिन मागितली आणि भिंतीला टेकून बसली. पाव्ला, मधली बहीण, आदल्या दिवशीच खालच्या सपाटीवरच्या पुएब्लोहून बसनं आली होती. तिनं मिल्काच्या कानात कुजबुजलं, "बघ, आल्या महाराणी. घरात चष्मा!"

जेवताना पाव्लानंच विषय काढला. सॉसेज आणि बटाटे पानात पडले आणि तिनं हात पुसून घर विकायचा कागद टेबलावर ठेवला. तिच्याकडे सगळं ठरलेलं असायचं, लहानपणापासून.

"एडीशी माझं बोलणं झालंय," ती म्हणाली. एडी तिचा नवरा, पोलादाच्या कारखान्यात कामाला. "मागची खोली रिकामी करतो. ऊन चांगलं येतं. बाबांना तिथं ठेवायचं. मिल्का पोरींच्या खोलीत झोपेल. हे घर विकायचं. इथं ठेवून करायचंय काय? बर्फच काढत बसायचं?"

"बरोबर आहे," रुडी म्हणाला. "दर महिन्याला मी पैसे पाठवीन. त्याची काळजी करू नका."

"मिल्काला टेलिफोनच्या कचेरीत बदली मागता येईल. पुएब्लोत मोठं एक्सचेंज आहे. आणि नाहीच मिळाली तर नाही. घरी बाबांचं करायला कुणीतरी हवंच."

मिल्का उठून कॉफी आणायला गेली. चुलीपाशी उभी राहून तिनं डोळे मिटले. ती चव्वेचाळीस वर्षांची होती. आधी दोन वर्षं आईचं आजारपण आणि मग नऊ वर्षं बाबांचं, अशी अकरा वर्षं ती सकाळी सहाला एक्सचेंजवर जात होती, दुपारी घरी येत होती आणि रात्रीतून तीनदा उठून उशा सारख्या करत होती. आपण दमलोय असं तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासाठी बसावं लागतं, आणि बसलं की डोळा लागायचा. मागं टेबलावर तिची खोली, तिची नोकरी, तिचं अंथरूण यांची वाटणी चालली होती आणि तिला राग येत नव्हता. याचंच तिला नवल वाटलं.

"मिल्काला विचारलंत का?" वर्ना म्हणाली. आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली.

"तिला काय विचारायचं?" पाव्ला हसली. "ती बाबांना सोडून राहील होय?"

 मातियांनी कागद बोटानं पाव्लाकडे सरकवला. "आधी गाडी," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"ज्या गाडीतून मला खाली नेणार... ती धड चढत नाही. आधी ती बघू. मग सही."

मातिया कोचेवारांनी दहा वर्षं खाणीत ड्रिल धरलं होतं आणि नंतर एकतीस वर्षं खाणीत माणसं उतरवणारा पिंजरा खाली-वर केला होता. एका लिव्हरवर रोज चारशे माणसांचे जीव, आणि एकदाही झटका बसला नाही, असं लेडव्हिलमध्ये अजून सांगत. यंत्राबद्दल ते बोलले की त्या घरात वाद होत नसे.

खुर्ची अंगणात नेली. वर गावामागच्या दोन्ही शिखरांवर ताजा बर्फ भुरभुरला होता, खाली ॲस्पेनची झाडं पिवळीजर्द झाली होती, आणि उन्हात पॅकार्डचं बॉनेट उघडं होतं. मातियांनी इंजिन चालू करायला लावलं, ऐकलं आणि बंद करायला सांगितलं.

"समुद्राकाठची गाडी आहे. तिथल्या दाट हवेच्या हिशेबानं... पेट्रोल घेते. इथं हवा पातळ. जेट बदला. दोन नंबर बारीक."

जेट म्हणजे कार्ब्युरेटरमधले पितळेचे बारीक स्क्रू, मधोमध भोक असलेले. जेवढं भोक, तेवढं पेट्रोल. खालून येणारी प्रत्येक गाडी लेडव्हिलमध्ये हेच रडगाणं गायची, म्हणून कोपऱ्यावरच्या बर्गस्ट्रॉमच्या गॅरेजात ते डबाभर असत. मिल्का जाऊन चार घेऊन आली. परत येऊन बघते तर रुडी कोट काढून स्क्रू ड्रायव्हर हातात धरून उभा, आणि सुरुवात कुठून करायची ते त्याला कळत नव्हतं.

"तू दिवा धर," ती म्हणाली.

"ऊन आहे की."

"मग हा डबा धर."

ती वाकली. जुना ट्रक तीच चालता ठेवत असे. बाबा खुर्चीतून सांगत, ती करत असे. आताही तसंच झालं. मातियांनी बोट हलवायचं आणि मिल्काच्या हातांनी कळून घ्यायचं. वरचं झाकण निघालं, तरंगता गोळा बाजूला झाला, पहिला जेट फिरला.

रुडी हळू आवाजात म्हणाला, "हे तू कधी शिकलीस?"

"तू गेल्यावर."

"टोमणा आहे का?"

"नाही रे. तारीख सांगितली."

तो डब्यातले स्क्रू बोटानं हलवत राहिला. मग म्हणाला, "ही गाडी मी का घेतली माहितीये? मला परवडत नव्हती. अजून परवडत नाही. पण दुकानात बघितली आणि वाटलं, ही घाटात थांबणार नाही. आणि आज सकाळी टेनेसी घाटात एक दुधाचा ट्रक मला मागे टाकून गेला, मिल्का. दुधाचा ट्रक! वर्ना हसली. मी तिच्यावर ओरडलो."

मिल्कानं चौथा जेट बसवला. तिला भावाची कीव आली, आणि कीव यायलाही थोडी ताकद लागते ती आपल्यात अजून आहे, हेही जाणवलं.

इंजिन पुन्हा चालू केलं तेव्हा आवाजच बदलला होता. सलग, खोल, सुखी आवाज. मातियांनी ठिणगीची वेळ थोडी पुढे घ्यायला लावली आणि मग ते हात टेकून उभे राहिले. "चला. फ्रीमॉन्ट घाट."

"बाबा, वर नको," मिल्का म्हणाली. "अकरा हजार तीनशे आहे ते. तुम्हाला इथं श्वास पुरत नाही. बघायचीच असेल तर खाली बुएना व्हिस्टाकडे जाऊ."

"उतारावर दगडही पळतो. त्यात काय बघायचं?"

"पाव्ला, तू तरी सांग ना."

पाव्ला आधी तिच्याच बाजूनं तोंड उघडत होती. मग तिची नजर हातातल्या कागदावर गेली. "जाऊ दे गं," ती म्हणाली. "अर्ध्या तासाचा तर प्रश्न. हौस फिटली की करतील सही." आणि रुडी तर केव्हाच पुढचं दार उघडून उभा होता. बाबांनी त्याच्याकडे काहीतरी मागितलं होतं, नऊ वर्षांत पहिल्यांदा. मिल्का एकटी पडली. तिनं घोंगडी आणली आणि गाडीत बसली.

तिघी मागे बसल्या. गाडीचं बूड खचलं. काही सेकंद गेले, मग कुठंतरी खाली एक मोटर गुणगुणली आणि मागची बाजू सावकाश वर आली, अगदी जमिनीला समांतर होईपर्यंत.

मातियांनी डॅशबोर्ड घट्ट धरला. "हे काय?"

"आपोआप होतं," रुडी म्हणाला. "स्प्रिंग नाहीत हिला. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत लांब पोलादी दांडे आहेत. वजन पडलं की सात सेकंद थांबते आणि मग मोटर ते दांडे पिळते."

"उतरा," मातिया मागे बघून म्हणाले.

"काय?"

"तिघी उतरा. परत बसा."

त्या उतरल्या. गाडी मागून उंच झाली, थांबली, गुणगुणत खाली आली. त्या बसल्या. ती खचली. मातिया ओठ हलवत सेकंद मोजत होते. मोटर गुणगुणली आणि म्हातारा हसला, आवाज न करता, खांदे हलवत. "सात," ते म्हणाले. "बरोबर सात. पुन्हा एकदा."

"आता पुरे हं, बाबा," पाव्ला म्हणाली. "शेजारचे बघतायत. आमची वजनं करताहेत असं वाटेल त्यांना." वर्ना मोठ्यानं हसली, आणि मग पाव्लाही हसली, तिच्याबरोबर हसायचं नाही असं ठरवलेलं असताना.

घाट सुरू झाला. रुडीनं पाय दाबला आणि पॅकार्ड पाच माणसं घेऊन अशी निघाली की मिल्काची पाठ गादीत रुतली. खड्डे चाकांना कळत होते, आतल्या माणसांना नाही. वरच्या खाणीचा एक ट्रक समोर घरघरत होता. मातियांनी खिशातलं घड्याळ काढलं. "घे पुढे," ते म्हणाले. रुडीनं गाडी डावीकडे घेतली, इंजिननं एक खोल हुंकार दिला, ट्रक खिडकीत आला आणि मागे गेला.

"पाच सेकंद," मातिया म्हणाले. "चढावर. ऐंशी घोडे मेलेले असताना." मग काही वेळानं, रस्त्याकडे बघत, "चांगली गाडी घेतलीस."

रुडीचे कान लाल झालेले मिल्काला मागून दिसले.

"त्या दिवशी," मातिया म्हणाले आणि थांबले. श्वास घेतला. पुन्हा थांबले. "तुझी आई गेली त्या वेळी. घाटात बर्फ होता. चार फूट. मला माहीत होतं."

 रुडीनं वेग कमी केला, कारण त्याला रस्ता नीट दिसत नव्हता.

घाटमाथ्यावर गाडी उभी केली. समोर खाणीनं अर्धा कापून नेलेला डोंगर, वर गडद निळं आभाळ. आणि मग मिल्काला तो आवाज ऐकू आला. म्हणजे ऐकू यायचा तो येईना. बाबांचा श्वास आत जाताना शिट्टीसारखा वाजायचा, नऊ वर्षांत तो तिच्या कानात घर करून बसला होता, आणि आता तो वाजत नव्हता. ती पुढे वाकली. त्यांचे ओठ निळे झाले होते. तोंड उघडं होतं, मान मागे पडत होती.

"रुडी, फिरव गाडी."

"बाबा? बाबा!" रुडीनं त्यांचा हात धरला. "मी काय... पाणी... पाणी आहे का?"

"गाडी फिरव!"

 लिव्हर रुडीच्यानं धड सरकेना. पाव्ला रडू लागली, "मी म्हटलं होतं, वर नको म्हटलं होतं मी." मिल्का उतरली, पुढे गेली, ड्रायव्हरचं दार उघडलं. "सरक. मागे जाऊन बस."

"तू ही कधी चालवली नाहीस."

"सरक, रुडी."

वर्नानं चष्मा काढून फेकला होता. मागून तिनं म्हाताऱ्याच्या काखांत हात घालून त्याला सरळ धरलं. "आडवं करायचं नाही," ती म्हणाली. "छाती मोकळी हवी. मी धरते. तुम्ही चालवा."

तेरा मैल. मिल्कानं लिव्हर खालच्या गियरला टाकला, म्हणजे उतारावर इंजिनच गाडी धरून ठेवील आणि ब्रेक तापणार नाहीत. हे तिला ट्रकनं शिकवलं होतं. पण हा ट्रक नव्हता. वळण आलं की ट्रक कलंडल्यासारखा झुकायचा. ही गाडी वळणात सपाट राहिली, सपाटच बाहेर पडली आणि पुढच्या सरळ रस्त्यावर पाय टेकवताच सुटली. मिल्काला डावीउजवीकडचं काही दिसत नव्हतं. कानात वर्नाचा आवाज येत होता, "घेतायत श्वास. थोडा. घेतायत. हं, घ्या." आणि त्या सगळ्या भीतीच्या खाली, तिला नको असताना, दुसरंच काहीतरी होतं. तिचे हात जड नव्हते. डोळे मिटत नव्हते. किती वर्षांनी कोण जाणे, ती दमलेली नव्हती. हे लक्षात आलं आणि तिला बापाच्या शेजारी बसून स्वतःची लाज वाटली. तिनं पाय मात्र उचलला नाही.

सोळा मिनिटांत ती दवाखान्याच्या दारात होती.

दुपार कलल्यावर डॉक्टर बाहेर आले. ऑक्सिजन लावला होता, ओठांचा रंग परतला होता. "तुम्ही त्यांना वर नेलंत?" त्यांनी विचारलं आणि कुणाच्याही उत्तराची वाट बघितली नाही. "उद्या सकाळी खाली न्या. सिलिंडर बरोबर देतो. परवा नाही, उद्या."

ते गेल्यावर पाव्लानं नाक पुसलं आणि ती पुन्हा पूर्वीची पाव्ला झाली. "मग मिल्का, तू आत्ताच घरी जाऊन तुझं सामान बांध. गरम कपडे नको घेऊस जास्त."

"मी येत नाहीये."

"परवा येतेस का? बरं. एक्सचेंजवर सांगावं लागेल, खरं आहे."

"परवा नाही. मी येणारच नाही, पाव्ला. बाबांना तू ने. मी इथंच राहणार आहे, त्या घरात. एकटी."

पाव्ला तिच्याकडे बघत राहिली. कानांवर विश्वास बसायला तिला वेळ लागला. "एकटी राहून काय करणार तू?"

"माहीत नाही."

"माहीत नाही! आणि मी? चार मुलं, एडीची रात्रपाळी, वर बाबा. माझ्याच्यानं कसं व्हायचं?"

"मलाही कळत नव्हतं कसं व्हायचं ते. अकरा वर्षं."

"तुला नवरा नाही, पोरं नाहीत!"

"नाहीत," मिल्का म्हणाली. "म्हणूनच सगळ्यांना वाटलं की हिला काही लागत नाही."

रुडी मध्ये पडला. "हे बघा, बाई ठेवू. मी पैसे वाढवतो."

"पैसे नकोत मला," पाव्ला त्याच्यावर उसळली. "माणूस हवंय! रात्री दोनला उशी कोण सारखी करणार, तुझी मनीऑर्डर?" मग तिचा आवाज फुटला आणि ती बाकावर बसली. मिल्काला पहिल्यांदाच दिसलं की पाव्लाच्या त्या सगळ्या ठरवाठरवीच्या खाली निव्वळ घाबरगुंडी होती. तिच्या शेजारी बसावं, हो म्हणून टाकावं, असं मनात येऊन गेलं. सवयीनं जिभेवर शब्दही आला होता. ती उभीच राहिली.

"मी राहते," वर्ना म्हणाली.

तिघंही तिच्याकडे वळली.

"पुएब्लोत. सहा आठवडे, लागलं तर नाताळपर्यंत. तोवर बाई मिळेल, त्यांनाही सवय होईल. मला येतं हे. माझ्या आईचं सहा वर्षं केलंय मी, बेकर्सफील्डला. रुडी भेटायच्या आधी." तिनं मिल्काकडे बघितलं. "ती गेली त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं. अजून लाज वाटते त्याची, चर्चमध्ये सुद्धा. तुझ्यावर ती पाळी यायच्या आत तू थांबलीस. बरं केलंस."

"तू राहणार?" रुडी म्हणाला. "मग मी?"

"तूही राहा. उशा उचलायला फार शिकावं लागत नाही."

पाव्ला वर्नाकडे बघत होती, सकाळपासून जी नजर होती ती आता नव्हती. मग ती मिल्काकडे वळली. "मी हे विसरणार नाही," ती म्हणाली.

"नको विसरूस," मिल्का म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचाच पाव्लाला जास्त राग आला.

बाबांना तिनंच सांगितलं. नळी लावलेली होती, त्यांना बोलायला मनाई होती. तिनं खाटेशी उभं राहून तीन वाक्यांत सांगून टाकलं, आणखी काही बोललो तर आपण कच खाऊ या भीतीनं. मातियांनी ऐकून घेतलं. मग सावकाश मान फिरवली आणि ते भिंतीकडे बघत पडून राहिले. ती पंधरा मिनिटं थांबली. त्यांनी तोंड वळवलं नाही.

सकाळी दहाला पॅकार्ड फाटकाशी उभी होती. मातिया पुढच्या सीटवर घोंगडीत, पायाशी सिलिंडर. मागे पाव्ला आणि वर्ना, मध्ये अक्रोडाचं सारण भरलेल्या गोड पावाचं, पोतीत्साचं गाठोडं. पोतीत्सा मिल्कानं पहाटे भाजली होती कारण रिकाम्या हातानं पाठवणं तिला जमलं नव्हतं. पाव्लानं काच वर ओढून घेतली होती. रुडीनं मिल्काला मिठी मारली, काही बोलायला गेला, नुसता तिच्या पाठीवर थोपटून स्टिअरिंगशी जाऊन बसला.

मातिया रात्रीपासून तिच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. ती त्यांच्या दाराशी आली, घोंगडीचं टोक आत खोचलं. त्यांनी समोर बघितलं. रुडीला सांगितलं, "ब्रेकवर पाय नको ठेवू. गियर खाली घे. काल तिनं घेतला होता तसा."

इंजिन चालू झालं. मिल्का मागे सरली.

"थांब," मातिया म्हणाले. त्यांनी काच खाली केली, त्याला वेळ लागला. तरीही त्यांचे डोळे तिच्यावर नव्हते. ते तिच्या खांद्यावरून पलीकडे, घराच्या बाजूच्या लाकडांच्या राशींकडे बघत होते.

"कुंपणाकडची रास," ते म्हणाले. श्वास घेतला. "ती आधी जाळ. वाळलेली आहे. जवळची... ओली आहे अजून. जानेवारीपर्यंत हात लावू नको."

"बरं, बाबा."

"धूर होईल नाहीतर."

"बरं."

त्यांनी मान हलवली. गाडी निघाली. सातव्या रस्त्याच्या उतारावर ती अगदी बिनआवाज गेली, चर्चपाशी वळली आणि दिसेनाशी झाली.

मिल्का बराच वेळ फाटकाशी उभी राहिली, कारण आत जायची घाई नव्हती. मग ती घरात आली. टेबलावर चार कप तसेच होते. खिडकीपाशी खुर्ची होती. तिनं बूट काढले, कप न धुता तशीच आपल्या खोलीत गेली आणि अंथरुणावर आडवी झाली. ती रडली, पण फार नाही. संध्याकाळपर्यंत झोपली. उठून पाणी प्यायली, अंधारात इकडेतिकडे बघितलं, कुणाची हाक येत नाही याची खात्री केली आणि पुन्हा झोपली.